घाटात गाडी लागते? आधी शॉकअप पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सप्तशृंगी गडाच्या चढावर, कसाऱ्यात किंवा पेठ रस्त्यावरच्या सावळ घाटात कुणाला गाडी लागली की दोष सकाळच्या मिसळीला जातो, नाहीतर खड्ड्यांना. तुडुंब पोटाने त्रास वाढतो हे खरे, पण मळमळीचे मूळ तिथे नाही. खड्ड्यांचा तर या प्रकरणात हात फार थोडा. हे न समजता लोक गाडीवर खर्च करतात आणि त्रास उलट वाढवून घेतात, म्हणून हे पत्र.

सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे हादरे पाठीला आणि पोटाला सर्वांत जास्त जाणवतात. त्याने अंग आंबते, उलटी सहसा होत नाही. उलटी होते ती फार संथ हालचालीने, साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपास. कंपनाच्या आयएसओ २६३१ या मानकात मळमळीसाठी ०.१ ते ०.५ हर्ट्झचा पट्टा वेगळा धरला आहे तो याचमुळे. बोट लागते ती याच पट्ट्यातल्या लाटांनी. रस्त्यावर ही संथ लय वर-खाली कमी आणि आडवी व पुढे-मागे जास्त असते: डावे वळण, उजवे वळण, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, परत ब्रेक. कानातला तोल सांभाळणारा अवयव प्रत्येक हेलकावा टिपतो, डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात. दोघांचे जुळत नाही आणि मळमळायला लागते. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हे सर्वांत जास्त होते.

मग सस्पेन्शनचा, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, संबंध काय? मोटारीची स्प्रिंग साधारण १ ते १.५ हर्ट्झला झुलते. त्याहून बऱ्याच जलद हादऱ्यांना ती अडवते, त्याहून संथ हालचाल जशीच्या तशी आत येऊ देते. म्हणजे घाटाचे वळण कुठलीही स्प्रिंग गिळू शकत नाही, गाडी पाच लाखांची असो की पन्नास. सस्पेन्शन फार तर त्या वळणात भर घालते किंवा घालत नाही. गाडी किती कलते, कलल्यावर किती उशिरा सरळ होते, ब्रेक सोडल्यावर नाक एकदाच वर येते की दोनदा डुलते, एवढेच तिच्या हातात.

आणि हे बहुतांशी शॉकअपवर ठरते. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचे झुलणे मारतो. तो बसला की महामार्गावर जिथे भराव खचून १५-२० मीटरच्या लांब लाटा तयार झाल्या आहेत, तिथे ८० च्या वेगाला गाडी नेमकी आपल्या स्वतःच्या लयीत सापडते आणि पाळण्यासारखी झुलत राहते. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत आहे: वर येऊन जागेवर थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअप गेला. पण या चाचणीत अगदी मेलेला शॉकअपच पकडला जातो, अर्धमेला निसटतो. म्हणून चाक काढून बघावे. दांड्याजवळ तेलाचा पुसट ओलावा चालतो. नळकांड्यावरून ओघळ उतरून त्यावर धुळीचा काळा थर बसला असेल तर बदलायला झाला. टायरवर हात फिरवल्यावर ठरावीक अंतराने खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारते. बदलताना एका अ‍ॅक्सलचे (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे) दोन्ही एकदम बदलावेत. वरचे माउंटिंग (शॉकअप गाडीला जोडणारा भाग), बंप स्टॉप (गाडी फार दबल्यावर आपटू न देणारे रबर) आणि धूळ अडवणारे रबर त्याच वेळी बघून घ्यावे, मजुरी पुन्हा पडत नाही.

बुशांबाबत, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांबाबत, गॅरेजमध्ये सर्रास एक चूक होते. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबर बुश बदलल्यावर बोल्ट गाडी लिफ्टवर असतानाच, चाके लोंबकळत असताना, पूर्ण आवळले जातात. गाडी खाली उतरली की आर्म वर जातो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. ते लवकर फाटते, तोवर गाडीही ताठ लागते. बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला आवळावेत आणि मग अलाइनमेंट करावे. फाटलेल्या बुशमुळे ब्रेक मारताना चाक मागे सरकते, चालक स्टिअरिंग सारखे सावरत राहतो आणि मागच्या सीटवर ती सावरासावर हेलकावे बनून पोचते. लहान खड्ड्यांवर खटखट येत असेल तर आधी लिंक रॉड बघा. तो स्टॅबिलायझर बारला, म्हणजे गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांडीला, जोडलेला असतो. तो सैल पडला की बार आपले काम नीट करत नाही आणि वळणावर गाडी जास्त कलते.

आता उलट्या उपायांबद्दल. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर सध्या भरपूर विकले जातात. ते वेढ्यांची हालचाल अडवतात, म्हणजे स्प्रिंग कडक होते. समजा ४० टक्के कडक झाली, तर तिला आवरायला तोच जुना शॉकअप साधारण १५ टक्के अपुरा पडतो. हादरे वाढले आणि डुलणेही पूर्ण गेले नाही, अशी दोन्हींकडून गैरसोय. शाळेच्या व्हॅनला जादा पाटा (पट्टीची स्प्रिंग) घालण्याचे तसेच. भरलेली असताना बरी वाटते, दोनच मुले उरली की मागची बाजू आपटते.

पाट्यांच्या गाड्यांना वेगळी निगा लागते. पावसाळ्यानंतर पाट्यांमध्ये गंज आणि चिखल धरला की ते एकमेकांवर घसरतच नाहीत, मग लहान खड्डा सरळ सीटपर्यंत येतो. पाटे साफ करावेत, शॅकल पिनला (पाट्याच्या टोकाच्या सांध्यातल्या खिळीला) ग्रीस द्यावे, पाटे चाकांच्या आसाला धरणारे यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट तपासावेत. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो, आणि ते प्रकरण मळमळीवर थांबत नाही. एअर सस्पेन्शनच्या (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांच्या) बसमध्ये लेव्हल व्हॉल्व्ह वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करतो, त्यामुळे रिकाम्या आणि भरल्या बसची लय फारशी बदलत नाही. मात्र व्हॉल्व्हचा दांडा वाकला की बस एका अंगाला कललेली धावते.

सगळे पार्ट नवे घातले तरी वळणावरचा वेग चालकाच्याच पायात असतो. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर २० च्या वेगाला प्रवासी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.२१ पट जोराने बाहेर फेकला जातो. ३० च्या वेगाला ०.४७ पट. वेग दीडपट, जोर सव्वादोन पट. नांदुरी ते गड या सुमारे १० किलोमीटरच्या घाटात फक्त वळणांवर असा वेग वाढवून फार थोडी मिनिटे वाचतात. ब्रेक वळणाआधी संपवावा, वळणात पाय स्थिर ठेवावा, थांबताना शेवटच्या मीटरभरात पेडल थोडे सैल करावे. इलेक्ट्रिक टॅक्सीत पाय उचलताच गाडी आवळते. प्रवासी असताना रिजनरेशनची (पाय उचलल्यावर गाडी मंदावून वीज परत बॅटरीत भरण्याची) पातळी कमी ठेवावी.

बसमध्ये जागा निवडता येत असेल तर दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधली, पुढच्या अंगाची घ्यावी आणि पुढचा रस्ता बघावा. नियमानुसार मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडचा भाग) व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. शेवटच्या बाकावर बस जणू शेपूट हलवते. जीपच्या मागच्या आडव्या बाकावर मुलांना बसवूच नये. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी, चढ सुरू झाल्यावर नव्हे. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, झोप येते.

दोन विनंत्या. शहरात अरुंद, उभ्या कडांचे गतिरोधक अजून दिसतात. इंडियन रोड्स काँग्रेसचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे गोलाकार आहे, ताशी २५ किलोमीटरसाठी. नव्याने करताना तेवढे तरी पाळावे. दुसरी, २०२७ च्या सिंहस्थासाठी बस आणि जीप भाड्याने ठरवणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: शॉकअप कोरडे, बुश न फाटलेले, पाटे व यू बोल्ट तपासलेले, आणि टायरमध्ये ते थंड असताना कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा. तपासायला एका गाडीला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक