शाम्पूची बाटली पण पुरावा असते

महोदय,
युरोपोलची, म्हणजे युरोपियन युनियनच्या पोलीस संस्थेची, २०१७ पासून एक मोहीम चालू आहे, आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही म्हणून लिहितोय. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फोटोंमधून मूल, माणसं सगळं काढून टाकतात आणि मागची एखादी वस्तू तेवढी वेबसाइटवर टाकतात, म्हणजे शाम्पूची बाटली, पिशवी, पडदा असलं काहीतरी, आणि लोकांना विचारतात की हे कुठे मिळतं, कुठे पाहिलंय का? नाव न सांगता कळवता येतं. एवढ्यावरून देश कळला तरी तिथल्या पोलिसांना काम सुरू करता येतं. (घरातल्या बायका यात तपास अधिकाऱ्यांच्या पुढे जातील, आमच्या आईला पडद्याचं कापड बघून दुकान सांगता येतं!)
आपली सीबीआय पण २०२२ मध्ये इंटरपोलच्या अशाच फोटो-व्हिडिओंच्या डेटाबेसला जोडली गेली, चांगलंच झालं. पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे एकाने तसलाच व्हिडिओ 'नराधमाला पकडा, शेअर करा' म्हणून टाकला आणि लोक हात जोडून पुढे पाठवत बसले. अहो, पुढे पाठवणं हाच पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा आहे! सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते, हे ग्रुपमध्ये एकालाही माहीत नव्हतं.
– एक वाचक, पुणे