इनव्हर्नेसच्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, चाव्यांबरोबर तुम्ही हातात ठेवलेल्या दोन पानी टिपणाची प्रत आता आमच्याकडून स्कॉटलंडला निघणाऱ्या प्रत्येकाकडे जाते. मग आभार तरी खासगीत कशाला मानायचे?

काय बघायचं ते सगळेच सांगतात. ऑक्टोबरातली रात्र कशी काढायची, ते तुम्ही सांगितलंत. मागची १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी वापरायला ५०चीच धरायची. मीटर १२.२ व्होल्टवर आला की ती निम्मी संपलेली असते. डिझेल हीटर पेटताना त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) ८-१० अँपिअर ओढतो. बॅटरी उतरलेली असेल तर तेवढ्यात व्होल्टेज बसतं, हीटर बंद पडतो आणि लोक डिझेल संपलं समजून टाकी तपासत बसतात. छतावरच्या सोलर पॅनलवर या दिवसांत भिस्त नको, सूर्य फार खाली असतो. दोन-तीन रात्रींनी एकदा कॅम्पसाइटवर विजेची केबल जोडायचीच.

गॅसचं सिलिंडर लाल घ्यायचं, निळं नाही. निळ्यातल्या ब्यूटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही. लाल सिलिंडरमधल्या प्रोपेनला तो त्रास नाही. आणि छताची झडप रात्रभर दोन बोटं उघडी! थंडीच्या भीतीने ती लावून घेतली, की सकाळी काचेवरून ओघळलेलं पाणी गादीच्या कडेला मुरतं. शेगडी पेटवून ऊब घेणं तर साफ चूक: वाफ वाढते, आणि कार्बन मोनॉक्साइडने जीवही जातो.

एकपदरी रस्त्यांबद्दलचं तुमचं पान आम्ही मोठ्या अक्षरात छापलंय. पासिंग प्लेस, म्हणजे वाट देण्यासाठी रस्त्याकडेला रुंद केलेली जागा, डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा तिच्यातून वळून जातो. तिथे पार्किंग नाही. डावीकडून गाडी हाकायची सवय आपल्याला आहे. मागच्याला वाट द्यायला आपणहून थांबायची सवय मात्र नाही! ॲपलक्रॉसला ६२६ मीटर उंचीच्या बेलाख ना बा घाटाऐवजी शीलडेगवरून किनाऱ्याने जायचं, हा सल्ला मोठ्या व्हॅनवाल्यांनी निमूट ऐकावा. संध्याकाळी वेग कमी ठेवायचा, कारण माजावर आलेली हरणं रस्त्यात येतात. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि अंधार लवकर पडतो, तेव्हा मुक्काम तीनच्या आत गाठायचा.

टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) कुठल्याही लॉखमध्ये, मग ते गोड्या पाण्याचं लॉख नेस असो वा टोरिडनसारखी समुद्राची खाडी, रिकामी करायची नाही. ठरवून दिलेल्या जागीच. तुम्ही त्याखाली तीन रेघा मारल्यात, आम्ही त्या तशाच ठेवल्या.

एक ओळ मात्र न विचारता वाढवली आहे, रागावू नका: फेरीबोटीचं तिकीट काढताना व्हॅनची लांबी मागच्या सायकल रॅकसकट सांगावी.

तुमचे ऋणी,
टिपण वाटणारी मंडळी