संकेतस्थळे एकत्र आणा, पण जुने दुवे तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधल्या मोठ्या शिक्षणसंस्थांच्या शाखा सिन्नर, निफाड, दिंडोरी, मालेगावपर्यंत पसरलेल्या असतात आणि बहुतेक वेळा प्रत्येक महाविद्यालयाचे संकेतस्थळ स्वतंत्र असते. होस्टिंगचे (स्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेचे) बिल वेगळे, सांभाळणारा माणूस वेगळा. एखाद्या शाखेचे प्लगइन (स्थळाला जोडलेला पूरक प्रोग्रॅम) वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही आणि घुसखोरी तिथूनच होते. ही स्थळे वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) असतील तर ती एका मल्टिसाइट नेटवर्कमध्ये, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक स्थळांच्या जाळ्यात, आणता येतात. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. संस्थांनी ती जरूर वापरावी. मात्र घाई केली तर नॅकला (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला) दिलेले दुवे तुटतात आणि ते लक्षात येते मूल्यांकनाच्या तोंडावर.

महाविद्यालये नॅकच्या अहवालात पुरावा म्हणून स्वतःच्या स्थळावरील पीडीएफचे दुवे देतात. एकट्या वर्डप्रेसमध्ये ही फाइल ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याखाली असते. नेटवर्कमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या स्थळाची तीच फाइल ‘अपलोड्स’मधल्या ‘साइट्स’ फोल्डरखाली ‘३’मध्ये जाते. ४.५ आवृत्तीपासून प्रत्येक स्थळाला त्याचे जुने डोमेन लावता येते. पण डोमेन तेच राहिले तरी फाइलचा पत्ता बदलतोच. सर्व्हरवर अपाचे हे सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या नियमांच्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये प्रत्येक डोमेनसाठी एक नियम लिहावा: ‘अपलोड्स’नंतर थेट वर्षाचा आकडा आला, तर ३०१ क्रमांकाने कायमचे नव्या फोल्डरकडे वळवा. अहवालातले दुवे आधी एका तक्त्यात घेऊन स्थलांतरानंतर एकेक उघडून पाहावेत. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

मजकूर हलवण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक्सएमएल निर्यात, म्हणजे सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेणे. तिच्यात लेख आणि पाने येतात. विजेट (पानाच्या कडेचे छोटे चौकोन), थीमची मांडणी व प्लगइनची सेटिंग येत नाहीत. चित्रे आणि पीडीएफ आयातीच्या वेळी जुन्या स्थळावरून उतरवल्या जातात, म्हणून ते तोवर चालूच हवे. डेटाबेसचे तक्ते थेट हलवायचे तर त्यांच्या नावाच्या सुरुवातीच्या उपसर्गाला स्थळाचा क्रमांक जोडावा लागतो. ऑप्शन्स या सेटिंगच्या तक्त्यातली भूमिकांची नोंद आणि यूजरमेटा या वापरकर्त्यांच्या माहितीच्या तक्त्यातली अधिकारांची नोंद यांनाही तोच क्रमांक हवा. तो जोडायचा राहून गेला की प्रशासकालाच ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. वापरकर्त्यांचा तक्ता सगळ्या नेटवर्कला एकच असल्याने त्यांचे क्रमांक बदलतात. लेखकांची जुळणी केली नाही तर एका प्राध्यापकाचा लेख दुसऱ्याच्या नावावर दिसतो.

पत्ते बदलण्यासाठी डेटाबेसमध्ये साधे ‘शोधा-बदला’ चालवू नये. सेटिंग साठवताना वर्डप्रेस मजकुराची लांबीही नोंदवते. पत्ता लांब-आखूड झाला की ती जुळत नाही आणि सेटिंग वाचलीच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस आज्ञा टाइप करून चालवण्याचे साधन) यातली शोध-बदल आज्ञा ही लांबी सांभाळते. ती आधी ड्राय-रनने, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, चालवून पाहावी.

एकत्रीकरणानंतरच्या दोन तक्रारी ठरलेल्या. नेटवर्कमध्ये फाइलची मूळ मर्यादा १५०० केबी असते, त्यामुळे स्कॅन केलेल्या पीडीएफ चढत नाहीत. ती नेटवर्क सेटिंगमध्ये वाढवावी. दुसरी, शाखेच्या प्रशासकाने नकाशाचा आयफ्रेम कोड (दुसऱ्या स्थळावरचा मजकूर पानात दाखवणारा) टाकून जतन केले की तो नाहीसा होतो. तसा कोड ठेवण्याचा अधिकार फक्त सुपर ॲडमिनला, म्हणजे साऱ्या नेटवर्कच्या प्रशासकाला, असतो. हे बंधन योग्यच आहे. ते सैल करू नये.

प्रवेश आणि शुल्क भरण्याची व्यवस्था मात्र या नेटवर्कबाहेर ठेवावी. डेटाबेस एकच असल्याने एका शाखेतला बिघाड सर्वांना भोवतो, आणि बॅकअपमधून एकटे स्थळ परत आणणे किचकट असते. काम दिवाळीच्या सुट्टीत घ्यावे. डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र किती वेळ साठवली जाते तो काळ, एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा आणि सर्व दुवे तपासून होईपर्यंत जुने होस्टिंग बंद करू नये.

आपले,
संकेतस्थळांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक