बॅगेत गोडलिंबाचं रोप नेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाताना आईवडिलांनी सोबत काय काय न्यावं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. मसाल्याच्या पुड्या कशा बांधाव्या, लोणचं कसं सांडू देऊ नये, सगळं मायेनं लिहिलेलं. त्यातच एक ओळ होती : कढीपत्त्याचं लहान रोप मुळाची माती न झाडता ओल्या फडक्यात गुंडाळावं आणि कपड्यांच्या मधोमध ठेवावं, प्रवासात सहज टिकतं. टिकतं, हे खरं आहे. मी ते करून पाहिलं आहे, म्हणूनच हे पत्र.

मी मूळची वरूडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. आमच्याकडे कढीपत्त्याला गोडलिंब म्हणतात. २००७ पासून न्यू जर्सीत एडिसनला राहते. २०११ च्या जूनमध्ये सुटीहून परतताना विहिरीजवळच्या गोडलिंबाच्या बुडाला फुटलेलं एक वीतभर पिल्लू आईनं खणून दिलं. मी ते साडीच्या घडीत ठेवलं आणि विमानात मिळालेल्या फॉर्मवर झाडं, बिया, माती यांच्या पुढे ‘नाही’ लिहिलं. विमानतळावर बॅग उघडली गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं रोप पांढऱ्या कागदावर आडवं ठेवलं, शेंड्याची कोवळी पानं चिमटीनं बाजूला केली आणि भिंग माझ्या हातात दिलं. पानांच्या बेचक्यात पिवळी-नारिंगी अंडी होती, बदामाच्या आकाराची, पण खसखशीच्या दाण्याहून बारीक. किड्याची दोन पिल्लं होती आणि त्यांच्या मागून मेणासारखे पांढरे वळलेले धागे निघालेले. मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संत्र्याच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तो सिट्रस सायला होता, संत्र्याच्या झाडांवरचा किडा. 

दंड भरून घरी आले आणि बाबांना फोन लावला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “नवतीवर फवारणी चालू असली की तू माझ्या मागं मागं फिरायचीस ना बाई. अन् त्योच किडा घेऊन गेलीस?”

ज्यांच्या घरी संत्रा-मोसंबी नाही त्यांच्यासाठी सांगते. गोडलिंब आणि संत्रा एकाच कुळातले. सायला दोन्हींवर राहतो, कोवळ्या फुटीचा रस पितो आणि तिथेच अंडी घालतो. मोठा किडा तीन-चार मिलिमीटरचा, पानावर डोकं खाली आणि शेपूट वर करून तिरका बसतो. ती बसायची ढब एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही. नुसता रस पिण्यानं झाड मरत नाही. पण त्याच्या सोंडेतून एका झाडाचा ग्रीनिंग रोग दुसऱ्या झाडाला जातो. मग पानांवर पिवळे डाग पडतात, तेही मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे. फळ लहान, वाकडं, कडवट होतं आणि खालच्या बाजूनं हिरवंच राहतं. एकदा लागण झाली की झाड बरं करणारं औषध नाही. म्हणूनच संत्र्याच्या बागेजवळ गोडलिंब लावू नका, असं आपल्याकडे कृषी विभागाची माणसं सांगतात.

हे अमेरिकेत काय करून बसलं आहे ते पाहा. फ्लोरिडात सायला पहिल्यांदा १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात त्या एका राज्यात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, एकेक पेटी जवळपास ४१ किलोची. २०२२-२३ मध्ये एक कोटी साठ लाखही भरल्या नाहीत. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण बागा आधीच खचलेल्या होत्या. कॅलिफोर्नियात २००८ ला किडा आणि २०१२ ला रोग सापडला, आणि रोगाचं ते पहिलं झाड कुठल्या मोठ्या मळ्यातलं नव्हतं, लॉस एंजेलिसजवळच्या एका घराच्या अंगणातलं होतं. सल लागून, म्हणजे फांद्या शेंड्याकडून वाळत जाऊन, सुकलेली बाग मी पाहिली आहे. पंधरा वर्षं वाढवलेली झाडं मुळापासून काढायला माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या घरात त्या दिवशी काय होतं, हे मला माहीत आहे. ते दुसऱ्या कुणाच्या दारी माझ्या साडीच्या घडीतून जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

इथल्या मैत्रिणी म्हणतात, न्यू जर्सीत कुठे संत्री होतात? होत नाहीत. पण रोप न्यू जर्सीत थांबत नाही. त्याला पिल्लं फुटतात, ती आपण वाटतो. माझ्या ओळखीच्या एका घरातली कुंडी नोकरीच्या बदलीबरोबर गाडीतून टेक्सासला गेली, आणि तिथे संत्री होतात. 

आणि मुळात आणायची गरजच नाही. इथे परवानाधारक नर्सरीत तपासणीचा शिक्का असलेलं रोप मिळतं. मी माझं आत्ताचं २०१२ मध्ये असंच घेतलं, करंगळीएवढं होतं. आज ते माझ्या खांद्याला लागतं. भारतातून आणलेल्या रोपालाच खरा वास येतो, असं म्हणणाऱ्यांना मी एक फांदी मोडून देते.

कठीण काम पुढचं आहे, थंडीचं. इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरू शकतो आणि आपल्या झाडांना तर दहा अंशांच्या खालीच हुडहुडी भरते. माझं पहिलं रोप मी थंडीत मारलं नाही, वसंतात मारलं. एप्रिलमध्ये तीन दिवस मस्त ऊन पडलं म्हणून बाहेर ठेवलं, चौथ्या रात्री दव गोठलं. सकाळी पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. तेव्हापासून मे महिना संपत आल्याशिवाय कुंडी बाहेर जात नाही. आणि गेली तरी पहिला आठवडा पडवीच्या सावलीत. घरातल्या पानाला थेट ऊन सोसत नाही, पांढरे चट्टे पडतात. सप्टेंबरच्या शेवटी, रात्र गार व्हायला लागली की परत आत. आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू बागेच्या पाइपनं धुऊन काढायची, नाहीतर लाल कोळी ही बारीक कीड घरात येते आणि हीटरच्या कोरड्या हवेत दुप्पट होते.

डिसेंबर-जानेवारीत पानं गळतात. इथेच बहुतेक जणांचं झाड जातं, कारण पानं गळाली की माणूस घाबरून पाणी घालतो. झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. नखानं साल खरवडून पाहावी, आत हिरवं असेल तर कुंडीला हात लावू नये. पंधरा दिवसांतून एकदा कपभर पाणी पुरतं. आई फोनवर विचारते, “ताक घालतेस ना?” उन्हाळ्यात घालते, पाणी मिसळून, महिन्यातून एकदा, आणि पानं काळीभोर होतात. थंडीत घातलं तर कुंडीत चिलटं होतात, हे तिला अजून पटत नाही. मार्चमध्ये शेंडा खुडते. शेंडा खुडला नाही तर झाड काठीसारखं उंच जातं आणि फोडणीला लागतील एवढी पानंच मिळत नाहीत.

आता गोडलिंबाच्या शेजारी बरंच काही आहे. अळू जमिनीत आहे. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनंतर पानं काळी पडली की अळूचे कांदे खणते, दोन दिवस सुकवते आणि लाकडाच्या भुशात घालून तळघरात ठेवते. हळदीचे कंद भारतीय दुकानातलेच, मार्चमध्ये खिडकीत कोंब काढते. शेजारची गोव्याची बाई नागपंचमीला, पानात वाफवायच्या पातोळ्यांसाठी, हळदीची पानं न्यायला येते. त्याआधी पानं पुरेशी रुंद व्हावीत म्हणून जूनपासून आम्ही दोघी रोज बघत असतो. आणि मागच्या कुंपणाजवळ केळ आहे. ही फळाची नाही, जपानी केळ म्हणतात, मूळची दक्षिण चीनची, पण गड्डा इथल्या थंडीत जमिनीखाली जगतो. नोव्हेंबरमध्ये गुडघ्याएवढं खोड ठेवून कापते, भोवती जाळीचं कडं करून त्यात ओकची वाळकी पानं दाबून भरते. एप्रिलच्या शेवटी कडं काढलं की खोडाच्या मधोमध फिकट हिरवी सुरळी दिसते. ऑगस्ट संपेपर्यंत पान माझ्या हाताएवढं लांब झालेलं असतं, आणि गणपतीचा नैवेद्य आम्ही त्यावरच वाढतो.

यातलं एकही झाड बॅगेतून आलेलं नाही.

मी त्या लेखाच्या लेखकावर रागावलेले नाही. मीही तेच केलं होतं, आणि माझ्या आईनं तर प्रेमानं दिलं होतं. पण वाचक आपल्या पेपरात छापलं म्हणजे बरोबर असं समजतात. माझे बाबाही समजतात. अमेरिकेत ताजी कढीपत्त्याची पानंसुद्धा भारतातून नेता येत नाहीत, रोप आणि माती तर नाहीच. चुकून बॅगेत राहिलं असेल तर विमानतळावर आधीच खरं सांगावं. मग वस्तू काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलं आणि सापडलं तर पहिल्याच वेळी १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सत्तरीच्या आईवडिलांना लांबच्या प्रवासानंतर त्या टेबलासमोर उभं राहायला लागू नये.

लेखातल्या त्या एका ओळीची दुरुस्ती आपण शक्य तितक्या लवकर, त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी अशी विनंती आहे. एप्रिल उजाडला की घरोघरी बॅगा भरायला लागतात.

आपली नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळ गाव वरूड, जि. अमरावती)
(नाव प्रसिद्ध करू नये.)