अक्काला विचारायची जागा

दोस्ता,

चार महिने फोन नाही, मेसेज नाही, शिव्या दे, ऐकून घेतो. आईची शुगर ठीक, माझी पाठ तशीच. पण येळवशीला, वेळ अमावस्येच्या शेतपूजेला, जे झालं ते तुलाच सांगावं वाटतंय, अक्काच्या हातची भाकर तूबी खाल्लीयस.

कडब्याची कोप घातलेली, पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. अण्णा कानात म्हणले, सगळे हायत तर विषय काढ. अन् मी काढला. दाजी, त्यांचे चुलते, गावातली माणसं, समद्यांदेखत म्हणलो, अक्का, हक्कसोडपत्राचं बघायचं का, रजिस्ट्रीला एक दिवस ये. ती आंबील वाढत होती. तांब्या तिरपाच राहिला, आंबील चुलत्यांच्या भज्जीत सांडत होती अन् तिला पत्ताच नाही. मग म्हणली, "सही कुठं करायची?" बस एवढंच. अण्णा खूश. मला घास गेला नाही.

तिला नाही म्हणायला मी जागाच ठेवली नाही रे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा माझ्याइतकाच वाटा हाय. ठेवायचा का सोडायचा ते तिनं ठरवायचं, पण सासरच्या माणसांपुढं माहेराला नाही कोण म्हणंल? तू टपरीवर चारचौघात मला उसने पैसे मागितलेस तेव्हा मी सहा महिने बोललो नव्हतो, आठवतंय? चूक तुझीच होती, अजून म्हणतो. अन् मी तेच केलं, तेबी अक्काला.

फोनवर नको, तिचा फोन कायम स्पीकरवर. उदगीरला गेलो तर सासूबाई शेजारीच बसतात, आपल्या घरी अण्णा. म्हणून संक्रांतीला तिला आणतो अन् हरभऱ्याची भाजी खुडायला दोघंच जातो. माना खाली, हात कामात, आंबेनं बोटं चुरचुरतात, एकमेकाकडं बघावं लागत नाही. तिची शाळा सुटल्याचं तिनं मला तिथंच सांगितलं होतं, सातवीत होतो मी. कागद नेणार नाही. आधी माफी मागतो, मग ती बोलंल तेवढं ऐकतो, दिवस मावळला तरी चालंल.

तुझ्या पोरीला दात आले का? पुण्यातल्या फ्लॅटचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग.

अण्णांना आधी सांगू का अक्काशी बोलल्यावर, तेवढं कळव. रविवारी सकाळी फोन कर, शेतात असतो, एकटाच.

तुझाच