आधी दांडा हातात घ्या

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

गोल्फ आणि बेसबॉल खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून, आमचे ग्लव्ह शिवणाऱ्या तुम्हाला हे आभाराचं पत्र. ते उघडं लिहितो आहोत, कारण तुम्ही जे केलंत ते इतकं साधं आहे की ज्यांनी केलं नाही त्यांनीही वाचावं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला दोनच सल्ले ठाऊक होते. ग्लव्ह लवकर फाटतो म्हटलं की 'एक नंबर मोठा घ्या'. क्लबचा (गोल्फच्या काठीचा) किंवा बॅटचा दांडा निसटतो म्हटलं की 'जास्त चिकट तळव्याचा घ्या'. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही समोरच्याचा हात धरून पाहिला नव्हता. खोक्यावरचा नंबर पाहायचा आणि ग्लव्ह पुढे सरकवायचा, की झालं. दोन्ही सल्ले मुळातच उलटे आहेत, हे तुम्ही फाटका ग्लव्ह आतून बाहेर उलटा करून दाखवलंत. बाहेरून भोक एकच होतं, करंगळीखालच्या मांसल उंचवट्यावर. आत मात्र सगळा तळवा घासून गुळगुळीत झालेला. म्हणजे ग्लव्ह दांड्याला नीट धरून होता, हात ग्लव्हच्या आत सरकत होता. मग बाहेरून कितीही चिकट केला तरी काय उपयोग? आणि एक नंबर मोठा घेतला तर आतली घसरण वाढणारच.

पण हे पत्र त्या उलट्या केलेल्या ग्लव्हसाठीही नाही. ते एका वाक्यासाठी आहे. माप द्यायला हात टेबलावर पसरला, तेव्हा टेप बाजूला ठेवून तुम्ही म्हणालात, "असा नको. आधी दांडा हातात घ्या, मग माप घेऊ."

एवढंच. उघड्या पंजाने कुणी खेळत नाही, हे आम्हालाही कळायला हवं होतं. मूठ वळली की बोटांच्या पाठीवरची कातडी ताणते आणि तळव्याकडची गोळा होते. मधल्या बोटावर हा फरक सेंटिमीटरभराहून जास्त भरतो. पसरलेल्या हाताच्या मापाने बेतलेला ग्लव्ह मुठीत दोन्हीकडून चुकतो. पाठीवर तो ओढला जातो, त्यामुळे बोटं मिटायला जास्त जोर लागतो. तळव्यात जादा चामडं उरतं आणि त्याची चुणी पडते. ती चुणी नेमकी दांडा आणि हात यांच्या मध्ये येते. फोड तिथेच येतात, घट्टे तिथेच पडतात, चामडंही तिथेच फाटतं. सगळे दुखणाईत एकाच पत्त्यावर राहतात, असं तुम्ही हसत म्हणाला होतात.

म्हणून तुम्ही तीन मापं घेतलीत. अंगठा सोडून बोटांच्या बुडाच्या सांध्यांवरून पंजाचा घेर, एकदा उघडा आणि एकदा दांडा धरून. मधल्या बोटाची लांबी, तळव्याच्या रेघेपासून टोकापर्यंत. आणि दांड्याचा स्वतःचा घेर, जो आजवर कुणी विचारला नव्हता. मग बोटांचा तळव्याकडचा भाग आखूड आणि पाठीकडचा लांब बेतलात, म्हणजे ग्लव्ह ठेवल्या जागीच किंचित वाकलेला राहतो. ढिलाई दिलीत ती सांध्यांवर, पाठीकडे. तळव्यात कणभरही नाही. बोटांच्या टोकाला चिमटीत चामडं सापडता कामा नये, आणि नव्या ग्लव्हची मनगटावरची पट्टी अगदी टोकापर्यंत जाऊन बसली तर तो मोठा समजावा, ही दोन कसोट्यांची वाक्यं आता आमच्या किटबॅगांच्या झाकणांवर लिहिलेली आहेत.

चामड्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याची किंमत वापरल्यावर कळली. गोल्फसाठी लोकरीऐवजी केस असणाऱ्या मेंढीचं मऊ चामडं, ज्याला धंद्यात कॅब्रेटा म्हणतात, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं. ते पाठीच्या कण्याच्या दिशेने कमी ताणतं आणि आडवं जास्त. पोटाकडचं तर वाट्टेल तसं ताणतं, म्हणून तळव्याचा तुकडा पोटातून काढायचा नाही. कापण्याआधी चामडं किंचित ओलसर करून लांबीच्या दिशेने ओढून ओढून त्याचा तिकडचा ताण संपवायचा आणि मगच बेतायचं. ही पायरी गाळली की ग्लव्ह पहिल्या दिवशी छान बसतो आणि थोड्याच दिवसांत बोटं लांब होतात. आडवा ताण मात्र राखून ठेवायचा, कारण मूठ वळताना पंजा रुंदीत फुगतो. कापणाऱ्याने वाचवलेली दहा मिनिटं खेळणाऱ्याच्या तळहातावर फोड होऊन उगवतात, हे आम्ही स्वतःच्या कातडीवर वाचलेलं आहे.

शिवणीचंही तसंच. शिवणीबाहेर जे सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. कपड्यात माया सढळ असावी, बोटांच्या टोकांत मात्र दोन मिलिमीटरच्या वर गेली की टोचते. इंचाला अकरा-बारा टाके पुरेत. त्याहून दाट घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं त्याच रेघेवर फाटतं. सुती दोरा घामाने कुजतो, म्हणून पॉलिएस्टर. बोटांच्या मधल्या पट्ट्या जिथे बुडाशी मिळतात तिथला पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा तुकडा बरेच जण वेळ वाचवायला गाळतात. तो नसला की बोटं फाकवताना सगळा ताण एका टाक्यावर येतो. तुम्ही तो गाळला नाहीत.

आता स्विंगबद्दल, म्हणजे क्लब किंवा बॅट फिरवण्याबद्दल, कारण ज्यांनी आम्हाला चिकट तळवे विकले त्यांनी भाषा स्विंगचीच केली होती. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या गोल्फ क्लबचं, डोकं साधारण 200 ग्रॅमचं असतं. ते सेकंदाला 45 मीटर वेगाने फिरतंय आणि त्रिज्या दीड मीटर आहे असं धरलं, तर दांडा हातातून बाहेर ओढणारं बल 270 न्यूटन येतं, म्हणजे क्षणभर का होईना, साडेसत्तावीस किलो टांगल्यासारखं. हाताला ही ओढ ठाऊक असते. ग्लव्हवर भरवसा नसला की हात सुरुवातीपासूनच आवळतो, कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि मनगट जिथे मोकळं सुटायला हवं तिथे अडकून बसतं. नीट बसलेल्या ग्लव्हमुळे दांडा हलक्या हाताने धरता येतो. स्विंग सुधारतो तो यातून. चेंडू लांब जाईल असं कुणी सांगितलं तर त्याला विचारावं, कसा? गोल्फमध्ये चेंडू क्लबला अर्धा मिलिसेकंदच चिकटलेला असतो, बेसबॉलमध्ये बॅटला एका मिलिसेकंदाहून कमी. त्या वेळात हाताची पकड चेंडूपर्यंत पोचतच नाही. ग्लव्हचं सगळं काम आघाताआधीचं आहे, आणि आघातानंतर हाताला झिणझिण्या येऊ न देण्याचं.

या झिणझिण्यांपाशी गोल्फ आणि बेसबॉल वेगळे होतात, आणि दोघांना एकच ग्लव्ह विकणारे उघडे पडतात. बॅटच्या बुडाची गाठ खालच्या हाताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला रुतते. तिथेच मनगटाच्या हॅमेट नावाच्या हाडाचा हुकसारखा वाकडा भाग असतो आणि फलंदाजांमध्ये तो मोडण्याचे प्रकार नवे नाहीत. तिथे पातळ गादी हवीच. वरच्या हातात ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याजवळ, कारण चेंडू बॅटच्या चुकीच्या जागी बसला की झटका तिथे येतो. पण बोटांखाली गादी नको. दोन मिलिमीटरची गादी दांड्याच्या दोन्ही बाजूंना आली की दांडा चार मिलिमीटरने जाड झाला, आणि पंचवीस मिलिमीटरच्या दांड्यावर तो फरक फार मोठा आहे. गोल्फमध्ये तर गादीवर बंदीच आहे. तळवा आणि बोटांची पकडीची बाजू गुळगुळीत हवी, आणि एखादी जागा शेजारच्या चामड्यापेक्षा 0.635 मिलिमीटरहून जाड असली तर ती गादी धरली जाते. झीज रोखायला लावलेलं ठिगळ या मर्यादेत चालतं. तुम्ही ठिगळ लावून, जाडी मोजायच्या कॅलिपरने मोजून दाखवलंत. आम्ही आधी विकत घेतलेले उठावदार ठिपक्यांचे ग्लव्ह मात्र स्पर्धेत चालणारे नव्हतेच, आणि विकताना हे सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती.

गंमत म्हणजे बॅटिंग ग्लव्हची ओळख बेसबॉलला गोल्फनेच करून दिली असं म्हणतात. 1964 मध्ये बेसबॉलपटू केन हॅरेल्सन गोल्फचा ग्लव्ह घालून फलंदाजीला उतरला, ही गोष्ट तिथे पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्याआधीही कुणी कुणी करून पाहिलं होतं, पण रूढ झालं ते नंतर. आणि चिकटपणाच्या मोहाची हद्द पाहायची तर 24 जुलै 1983. बेसबॉलपटू जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर पाइन टार, म्हणजे पकडीसाठी चोळायचा चिकट पदार्थ, दांड्याच्या बुडापासून 18 इंचांच्या मर्यादेपुढे गेला म्हणून त्याचा होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) आधी रद्द झाला आणि तक्रारीनंतर परत मिळाला.

अजून एक राहिलं. दुसऱ्या भेटीत आम्ही नवे ग्लव्ह मागायला आलो होतो. तुम्ही क्लबच्या ग्रिपवर, म्हणजे दांड्याच्या पकडीच्या आवरणावर, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, यात ग्लव्हचा दोष नाही, ग्रिपवर घामाचा आणि तेलाचा थर चढलाय. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ ब्रश, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं. तरीही निसटला तर या. निसटला नाही. आलेलं गिऱ्हाईक ग्लव्ह न विकता परत पाठवणारी माणसं आम्ही फार पाहिलेली नाहीत. आपल्या हातातलं काम खरं असलं की दुसऱ्याला खरं सांगायला जड जात नसावं. चिकट तळवेवाल्यांना ते का जड गेलं, याचा विचार त्यांनी करावा.

ग्लव्ह सांभाळायचे तेही तुम्ही म्हणालात तसेच चाललंय. दोन जोड आलटून पालटून. खेळ झाला की लगेच पसरून, सावलीत, हवेवर. ऊन नाही, ड्रायर नाही, कारण ओलं चामडं तापलं की आकसून कडक होतं. घामाचं मीठ वर आलं तर किंचित ओल्या फडक्याने पुसायचं. पावसाला वेगळा कृत्रिम धाग्याचा जोड, कारण भिजलेलं चामडं घसरतं. जुन्या ग्लव्हवर एकाच जागी भोक पडायचं. आता शेवटच्या तीन बोटांवर सगळीकडे सारखी, फिकट झीज दिसते. ती दिसली की आम्हाला तुमची आठवण होते.

तुमचे ऋणी,
क्लब आणि बॅट धरणारे आम्ही सगळे

ता. क. मागच्या खेपेतल्या एका ग्लव्हची अंगठ्याच्या बुडाची टीप उसवली आहे. दोरा शाबूत आहे, भोकं मोठी झाली आहेत, म्हणजे सुई जाड गेली असावी. तो न धुता, आतून बाहेर उलटा करून पाठवतो आहोत. दांड्याचा घेर चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे.