नक्षीदार टाइप पत्त्याला नको

संपादक महोदय,

सांगलीत मी २९ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. त्यामुळे लग्नपत्रिका हातात आली की आधी अक्षर बघतो, मग मुहूर्त.

परवा नात्यातली एक पत्रिका आली. वधूवरांची नावं ‘रोझा वन’ या टाइपात होती. काय देखणी दिसत होती! जाड रेघ भरदार, बारीक रेघ अगदी केसाएवढी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी असे गलेलठ्ठ सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेले, टाइप निघाले. तोच थाट इथे देवनागरीत उतरलाय, आणि हा फाँट फुकट मिळतो. मुलांनी तो जरूर वापरावा.

पण कार्यालयाचा पत्ताही त्याच टाइपात, तोही १० पॉइंटात! बारीक रेघा छपाईत तुटल्या. ‘ष’च्या पोटातली रेघ उडाली आणि पुष्पराज चौकाचा ‘पुप्पराज’ झाला. मोतीबिंदू झालेल्या माझ्या मेहुण्यांना तर फोन नंबरसुद्धा वाचता येईना. पत्ता विचारायला त्यांनी मलाच फोन केला.

एका इंचात ७२ पॉइंट बसतात. असा टाइप निदान ३६ पॉइंट, म्हणजे अर्धा इंच तरी हवा. दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, मिठाईचा बॉक्स इथे तो खुलतो. खालच्या मजकुराला ‘मुक्ता’सारखा साधा टाइप घ्या. संगणकावर पत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांनी छपाईला देण्याआधी एक प्रत खऱ्या मापात छापून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्यावी. आम्ही प्रूफ असंच मालकांच्या आईंना दाखवायचो.

– एक निवृत्त जुळारी, सांगली